शुक्रवारची फाईल

ऋषिकेश म्हसेने कंपनी काढली तेव्हा तिच्यात तीन माणसं होती, आणि त्यातली एक हर्षला ठोंबरे होती. दोघं एकाच कॉलेजात इंजिनिअर झालेली. तो कर्जतचा, ती खोपोलीजवळच्या साजगावची. शिकून दोघंही पुण्याला गेली, वेगवेगळ्या कंपन्यांत लागली आणि वर्षाकाठी एखादा फोन एवढ्यावर ओळख येऊन ठेपली. मग एका रविवारी ऋषिकेश अचानक तिच्या भाड्याच्या खोलीवर येऊन बसला. आठवड्यापूर्वी त्याच्या कंपनीत मोठा बिघाड झाला होता आणि साहेबांनी साठ लोकांसमोर त्याला उभं करून त्याचं नाव घेतलं होतं. चूक पाच जणांची होती. नाव एकट्याचं झालं.

"आपण आपली कंपनी काढू, हर्षला," तो म्हणाला. "गावाकडेच. आणि तिथे काही चुकलं तर कोणी केलं हे कुणी विचारायचं नाही. काय झालं, एवढंच विचारायचं."

कंपनी काय करणार हे तेव्हा त्यालाही धड ठाऊक नव्हतं. पण हर्षलाला ते वाक्य पटलं. तिने महिन्याभरात नोकरी सोडली. घरात आईने अबोला धरला, तो गणपतीपर्यंत टिकला.

त्यांनी जे केलं ते दिसायला साधं होतं. खालापूर, चौक, कुंभिवली या पट्ट्यात महामार्गाच्या कडेने शीतगृहं उभी राहिली होती. मुंबईच्या हॉटेलांना जाणारी कोळंबी, कोंबडी, मटार, सगळं तिथे उणे अठरा अंशांत पडून असायचं. यंत्र बंद पडलं आणि वेळेवर कुणाला कळलं नाही, की मालाची माती. ऋषिकेश आणि हर्षलाने प्रत्येक खोलीत बसवायची एक छोटी पेटी आणि तिच्यामागचा प्रोग्रॅम तयार केला. खोलीतलं तापमान चढलं की तिथल्या मॅनेजरचा फोन वाजायचा आणि उचलेपर्यंत वाजतच राहायचा. याला ते घंटा म्हणत. पेटी आणि प्रोग्रॅम मिळून नाव दिलं 'पहारा'. सहा वर्षांत पहारा बेचाळीस शीतगृहांत लागला. कर्जतला चौक रस्त्यावर मिठाईच्या दुकानाच्या वर ऑफिस थाटलं, आणि तीन माणसांची सव्वीस झाली.

त्या सव्वीसांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे शुक्रवारचा तास. दर शुक्रवारी जेवण झालं की सगळे खुर्च्या ओढून गोल करायचे. आठवड्यात ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्याने ते उठून सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून ते का घडलं हे शोधायचं आणि एका सामाईक फाईलमध्ये लिहून ठेवायचं. हसायचं नाही, टोमणा मारायचा नाही. पहिल्या शुक्रवारी कुणी उठेना, तेव्हा ऋषिकेशच उठला होता. स्वतःच्या चुकीमुळे चौकच्या एका गिऱ्हाइकाचा आठवड्याचा हिशोब पुसला गेला, हे त्याने कान लाल होईपर्यंत सांगितलं. ते पाहून बाकीच्यांची भीड चेपली. पुढे पुढे तर मुलं चढाओढीने चुका सांगू लागली. मोठ्या शहरातल्या कंपन्यांतून आलेले लोक तो तास बघून चकित व्हायचे. हर्षलाला त्या तासाचा अभिमान होता. प्रोग्रॅम कुणीही लिहील, पण अशी माणसं तयार करणं कुणाला जमतंय, असं ती मनात म्हणायची.

फक्त ललिता कधी बोलायची नाही.

ललिता पारधी कोंडिवड्याच्या पुढच्या ठाकूरवाडीतली. वाडीत डिप्लोमा केलेली ती पहिलीच. हर्षलानेच तिला मुलाखतीतून निवडलं होतं, कारण बाकी मुलं पाठ केलेली उत्तरं देत होती आणि ही म्हणाली होती, "येत नाय मला. पण दाखवलंत तर उद्या येईल." आणि दुसऱ्या दिवशी तिला खरंच आलं होतं. तीन वर्षं ती हर्षलाच्या शेजारच्या टेबलावर बसत होती. काम नेटकं, हात जपून. पण शुक्रवारी खुर्ची नेमकी खांबामागे ओढून बसायची.

"तुझ्याकडून काही चुकतच नाही का गं?" हर्षला तिला चिडवायची.

"चुकतं ना, ताई. पण लगेच नीट करते," ती म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते घडलं. मुंबईची एक मोठी कंपनी पहारा विकत घ्यायला निघाली होती. त्यांची माणसं सोमवारी बघायला येणार होती आणि त्याआधी नवा पडदा, म्हणजे सगळी शीतगृहं एकाच वेळी दाखवणारा नकाशा, तयार झालाच पाहिजे असा ऋषिकेशने हट्ट धरला. शुक्रवारी काम पुरं झालं नाही. शनिवारी त्याने ललिताला एकटीला ऑफिसात बोलावलं. प्रोग्रॅम बदलायचा तर घंटा थोडा वेळ बंद कराव्या लागत, नाहीतर बदल चालू असतानाच बेचाळीस मॅनेजरांचे फोन खणखणले असते. नियम असा होता की एकाने घंटा बंद करून काम करायचं, परत चालू करायच्या आणि दुसऱ्याने त्या चालू झाल्यात की नाही हे तपासायचं.

दुसरं माणूस म्हणजे हर्षला. ती त्या दिवशी मामेबहिणीच्या साखरपुड्याला पुण्यात होती. ललिताचा फोन आला तेव्हा मागे सनई वाजत होती.

"ताई, काम झालं. पण तपासायला कोण नाय. सर म्हणतात नवा पडदा लगेच चालू करून टाक."

"कर चालू. घंटांचं मी रात्री घरी पोचले की बघते," हर्षला म्हणाली.

रात्री ती घरी पोचली, साडी बदलली आणि झोपली. तिला आठवलंच नाही.

कुंभिवलीच्या शीतगृहाने नुकतीच एक खोली वाढवली होती, खोली नंबर तीन. ती नव्या यादीत होती, बाकीच्या जुन्या यादीत. ललिताने जुन्या यादीतल्या सगळ्या घंटा परत चालू केल्या आणि नवी यादी राहून गेली. रविवारी दुपारी त्या खोलीचं यंत्र बंद पडलं. सोमवारी सकाळी मॅनेजर येसाजींनी दार उघडलं, तेव्हा कोळंबीचं पाणी उंबऱ्याबाहेर आलं होतं.

त्या शुक्रवारी ललिता खांबामागे बसली नाही. हर्षलाने तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं. तास सुरू व्हायच्या आधी ती हळूच म्हणाली, "ताई, मी नुसतं तोंडी सांगते ना. लिहायला नको."

"का गं?"

"लिहिलेलं राहतं."

"राहावं म्हणूनच लिहायचं. पुढच्याला उपयोग होतो. इथे नावाला डाग लागत नाही, तुला माहितीये ना?"

ललिता उठली. तिने सगळं सांगितलं. त्यानंतर हर्षला उठली आणि आपण तपासायचं विसरलो हे तिने सांगितलं. रूपेश म्हणून तिथला जुना प्रोग्रॅमर होता, त्याने आठवण करून दिली की घंटा दोन तासांनी आपोआप परत चालू व्हाव्यात असं त्याने जानेवारीतच सुचवलं होतं आणि ते काम मागे टाकलं गेलं. शेवटी ऋषिकेश म्हणाला, "घाई मी केली. एकटीला बसवलं मी. ललिता, तू सांगितलंस म्हणून आपल्याला कळलं. थँक्यू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ललिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हर्षलालाही भरून आलं.

मग ललिताने फाईलमध्ये आपला भाग लिहिला. शनिवारी मी घंटा बंद केल्या, खोली नंबर तीनची परत चालू करायला विसरले. चूक माझी आहे. हर्षलाने मागे उभं राहून वाचलं आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे काढ. इथे चूक कुणाची नसते."

ललिताने वाक्य पुसलं.

दहा-बारा दिवसांनी एका सोमवारी ललिता कामावर आली नाही. मंगळवारीही नाही. "घरचं काहीतरी आहे, सुट्टी घेतलीय तिने," ऋषिकेश म्हणाला. हर्षलाने फोन लावला, तो उचलला गेला नाही. वाडीत फोनची रेंज नसते हे तिला माहीत होतं, म्हणून तिने मनाला लावून घेतलं नाही.

गुरुवारी ती कुंभिवलीला गेली. रूपेशने सुचवलेली दोन तासांची सोय आता तयार झाली होती आणि ती पहिल्यांदा तिथेच बसवायची, असं तिनेच ठरवलं होतं. येसाजी पन्नाशीचा, अंगाने आडवा माणूस. शीतगृहाच्या दारात खुर्ची टाकून बसलेला. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि पाठीमागून गार वारा, अशी त्याची कायमची जागा.

"ये बाय, बस," तो म्हणाला. आधी तिचं काम होऊ दिलं. मग चहा मागवला आणि सहज म्हणाला, "तुमी लोकांनी लवकर केलंत. आमाला वाटलं नुसतंच चौकशी चाललीय म्हणून सांगत बसाल."

"काय लवकर केलं, काका?"

"त्या पोरीला काढलंत ना. ठाकरांच्या."

हर्षलाला वाटलं त्यांची काही गफलत झाली असेल. "ललिताला? कुणी सांगितलं?"

येसाजीने टेबलाचा खण उघडून एक पाकीट काढलं. आत कंपनीच्या छापील कागदावर पत्र होतं, खाली ऋषिकेशची सही. आमच्या अंतर्गत चौकशीत असे आढळून आले की सदर नुकसान एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाले असून त्या कर्मचाऱ्यास सेवेतून मुक्त करण्यात आले आहे. सोबत पुरावा म्हणून एक पान जोडलं होतं. हर्षलाने ते ओळखलं. शुक्रवारच्या फाईलचं पान. वर तारीख, खाली ललिताचं नाव आणि तिची ओळ. तिच्या स्वतःच्या विसरण्याबद्दलची ओळ त्यात नव्हती. ऋषिकेशची घाई नव्हती. रूपेशचा जानेवारी नव्हता. आणि ललिताच्या ओळीच्या शेवटी, जे तिने पुसलं होतं ते वाक्य परत आलं होतं. चूक माझी आहे.

त्या फाईलची जुनी रूपं जपून राहतात. कुणी काय पुसलं, तेही मागे जाऊन बघता येतं. ती सोय हर्षलानेच करून घेतली होती, माणसं काय शिकत गेली हे दिसावं म्हणून.

"बाय, बरं वाटत नाय का?" येसाजीने विचारलं. "उन्हातनं आलीस. पाणी घे."

ती पाणी प्यायली, आणि त्याने पान परत मागितलं तेव्हा तिने ते त्याच्या हातात दिलं. कर्जतला येईस्तोवर तिने गाडी कुठेही थांबवली नाही.

ऑफिसात ऋषिकेशला केबिन नव्हती. साहेबासाठी वेगळी खोली नको, असं दोघांनी पहिल्याच महिन्यात ठरवलं होतं. म्हणून ती त्याला गच्चीवर घेऊन गेली. दुपारचे तीन वाजले होते, पाय भाजत होते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघं उभी राहिली.

"ललिताला काढलंस?"

त्याने लपवाछपवी केली नाही. "राजीनामा घेतला. तीन महिन्यांचा पगार दिला. चांगलं सर्टिफिकेट पण देणार आहे."

"फाईलमधलं पान दिलंस तू गिऱ्हाइकाला?"

"मुंबईवाल्यांना हवं होतं, हर्षला. त्यांच्या वकिलाने सांगितलं, कुंभिवलीचं प्रकरण मिटवा, जबाबदारी ठरवा, मगच पुढे बोलू. सव्वीस घरं आहेत आपल्यामागे. एक नाव द्यायचं होतं."

"मग तुझं द्यायचंस."

"माझं दिलं तर कंपनी कोण घेईल?"

"माझं द्यायचंस. मी तपासलं नाही. मी लिहिलं होतं तसं."

ऋषिकेश हसला, थकल्यासारखा. "तुझंच तर वाचवलं. ते काय विकत घेतायत असं तुला वाटतं? पेट्या? अशा पेट्या चीनमधून कितीही येतात. ते ही टीम विकत घेतायत, आणि टीम म्हणजे तू. त्यांच्या कागदात तुझं नाव आहे. तुझी ओळ मीच काढली."

हर्षलाला आधी राग आला होता. आता तिला दुसरंच दिसलं. आपल्यावर उपकार झाला होता आणि त्याची किंमत शेजारच्या टेबलावरून वसूल झाली होती.

"पुण्याला साठ लोकांसमोर तुला उभं केलं होतं, ऋषी," ती म्हणाली. "माझ्या खोलीवर येऊन रडला होतास तू."

त्याने खालच्या रस्त्याकडे बघितलं. "तेव्हा मी नोकर होतो," तो म्हणाला. "मालकाला काय करावं लागतं ते तेव्हा माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेलीच नाही, थेट ठाकूरवाडीला गेली. कोंडिवड्यापुढे डांबर संपल्यावर स्कूटर लावून चालत वर चढली. ललिताचं घर विचारावं लागलं, आणि ज्या बाईला विचारलं तिने उत्तर द्यायच्या आधी हर्षलाला आपादमस्तक न्याहाळलं.

ललिताची आई मंगळी ओटीवर करवंदांची पाटी निवडत बसली होती. तिने मान वर केली, आत हाक मारली आणि परत पाटीत बघू लागली. ललिता बाहेर आली. ऑफिसात ती कायम केस घट्ट बांधून यायची, आज मोकळे होते. हर्षलाने तिला असं कधी बघितलं नव्हतं.

"बसा, ताई."

"ललिता, मला काही माहीत नव्हतं. काल कुंभिवलीला गेले तेव्हा कळलं."

ललिताने तिच्यासाठी ओटीवर गोणपाट अंथरलं.

"खरंच सांगते. मला कुणी विचारलं नाही."

"सर म्हणाले, ताईशी बोलणं झालंय," ललिता म्हणाली. "ताईचं पण हेच म्हणणं आहे, म्हणाले."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"तुमीच लिहायला लावलं होतंत ना." तिच्या आवाजात चीड नव्हती. शाळेत फळ्यावरचं वाचावं तसं ती बोलत होती. "मी म्हणाले होते, तोंडी सांगते. तुमी म्हणालात लिही. शेवटचं वाक्य पुसायला लावलंत, तेच सरांनी दाखवलेल्या कागदावर होतं. मला वाटलं, तुमालाच तेवढं ठाऊक होतं. सरांना कुठनं कळणार?"

हर्षलाने फाईलची जुनी रूपं, ती कुठे दिसतात, हे सगळं समजावून सांगितलं. सांगता सांगता तिच्याच लक्षात आलं की हे ऐकून काहीच बदलत नाही.

"एक फोन करायचास मला."

"काय विचारू फोनवर? ताई, तुमी मला काढलं का, असं?"

मंगळी मधेच बोलली, ललिताकडे बघून, हर्षलाकडे न बघता. "त्या चौघांचं सांग."

वाडीतले चार जण कुंभिवलीच्या शीतगृहात हमाली करत होते. सडलेली कोळंबी खड्ड्यात पुरायचं कामही त्यांनीच केलं होतं. पत्र आल्यावर शीतगृहाच्या मालकाने मुकादमाला सांगितलं, त्या वाडीतली माणसं आणू नका. चौघं चार दिवस घरी बसून होते. वाडीत लोक ललिताच्या घरावरून जाताना बोलायचे थांबत.

"मी कुंभिवलीला जाऊन सगळं खरं सांगणार आहे," हर्षला म्हणाली. "माझं, ऋषिकेशचं, सगळं. आजच."

"सांगा," ललिता म्हणाली. "त्या चौघांना परत घेतील का, तेवढं विचारा." मग ती आत गेली आणि हर्षला उठेपर्यंत बाहेर आली नाही. मंगळीने एका पानात मूठभर करवंदं बांधून तिच्या हातात दिली, कुणालाही देतात तशी. हर्षलाला ती नाकारता आली नाहीत आणि वाटेत खाताही आली नाहीत.

दुपारी ती येसाजीसमोर बसली. शुक्रवारचं पूर्ण पान तिने छापून नेलं होतं. येसाजीने चष्मा लावून सावकाश वाचलं, एकेका ओळीवर अंगठा सरकवत.

"हे तुझं नाव?"

"हो काका. मी तपासायला हवं होतं."

"आनि म्हसेसाहेबांनी घाई केली म्हणून हाय इथं."

"हो."

"मग ह्ये आदी का नाय दिलं?"

तिने जे होतं तेच सांगितलं. कंपनी विकायची होती. येसाजीने कागदाची घडी केली.

"मालकाला दाखवावं लागंल. मी दडवनार नाय."

"दाखवा. फक्त त्या चौघांना परत घ्या."

"मालकाला सांगून ते मी करून घेतो. सोमवारपास्नं येऊ द्या त्यांना." त्याने चष्मा काढला. "पन बाय, तुमचा हा पहारा आता इथं राहनार नाय. समजून घे."

येसाजीने शब्द पाळला. चौघं सोमवारी कामावर गेले आणि त्याच आठवड्यात कुंभिवलीच्या भिंतीवरच्या पेट्या उतरल्या. शीतगृहवाल्यांची आपसात उठबस असते. महिन्याभरात आणखी पाच जणांनी पहारा काढला. मुंबईची कंपनी आधी म्हणाली थांबू, मग म्हणाली अर्ध्याच माणसांना घेऊ.

या सगळ्यातला एक शुक्रवार हर्षलाला विसरता येत नाही. कुंभिवलीला जाऊन आल्यानंतरचा पहिलाच. जेवण झालं, खुर्च्या गोल झाल्या. ललिताचं काय झालं हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. ऋषिकेश आला नव्हता. हर्षला उठली आणि तिने सांगितलं की ललिताला लिहायला मी लावलं, ते लिहिलेलं तिच्यावर उलटलं, आणि हे माझ्या डोळ्यांदेखत झालं तरी मला दिसलं नाही. ती बोलून बसली.

"रूपेश, तुझं या आठवड्यात?" तिने विचारलं.

रूपेशने आपल्या चपलांकडे बघितलं. "माझं सगळं ठीक आहे, ताई."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "माझंही ठीक आहे." त्याच्या पुढची म्हणाली, "काही नाही." असं करत करत गोल पुरा झाला. तेवीस जणांचं सगळं ठीक होतं. मंगळवारी रूपेशच्या हातून आख्ख्या चौकचे आकडे दोन तास गोठले होते, हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

खुर्च्या जागेवर गेल्यावर तो तिच्यापाशी आला. "राग मानू नका," तो म्हणाला. "पण तुम्ही कुंभिवलीला तो कागद दिलात, त्यात जानेवारीचं माझंही नाव होतं. मला विचारलं नाहीत."

खरंच विचारलं नव्हतं. ललिताचं नाव एकटं पडू नये म्हणून तिने आख्खं पान दिलं होतं आणि देताना रूपेश तिच्या मनातही आला नव्हता.

जूनमध्ये तिने राजीनामा दिला. ऋषिकेशने तो हातात घेतला आणि खाली ठेवला. त्याचे डोळे लाल होते, झोप नसल्यासारखे.

"केसाने गळा कापलास माझा," तो म्हणाला. "मी तुझं नाव झाकलं आणि तू जाऊन माझं उघड्यावर टाकलंस. सहा वर्षं एका ताटात जेवल्यासारखे राहिलो आपण."

सहा वर्षांत त्याचा शब्द खाली पडू न देणाऱ्या हर्षलाला त्या क्षणी त्याला एकच गोष्ट विचारायची होती. पहिल्या शुक्रवारी तो उठला होता, ते खरं होतं का? पण हो म्हणाला असता तरी तिला पटलं नसतं आणि नाही म्हणाला असता तर पुण्यातल्या त्या रविवारपासूनचं सगळंच हातातून गेलं असतं. ती न विचारता खाली उतरली. मिठाईवाल्याने नेहमीसारखा हात केला, तिनेही केला.

पुण्याच्या एका कंपनीने तिला घरून करायचं काम दिलं. माणसं सांभाळायची नाहीत, फक्त प्रोग्रॅम लिहायचा. तिने अटच तशी घातली होती. ऑफिसच्या जुन्या लोकांपैकी कुणी फोन केला नाही. तिनेही केला नाही. ललिताला मात्र तिने तीनदा केला. दोनदा रेंज नव्हती, तिसऱ्यांदा वाजून वाजून बंद झाला.

दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरात, एका संध्याकाळी ती भाजी घेऊन परतत होती. साजगावातल्या कारखान्यांची पाळी सुटायची ती वेळ. नाक्यावर बायकापोरींचा घोळका गाडीची वाट बघत उभा होता आणि त्यात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, ललिता होती.

"ताई?" हाक ललिताने मारली. नजर चुकवून निघून जायचा विचार हर्षलाच्याच मनात येऊन गेला होता.

ललिता अंगाने भरली होती. पत्र्याच्या कारखान्यात स्टोअरला कॉम्प्युटरवर लागली होती, चार महिने झाले. आई बरी होती. वाडीतले चौघं अजून कुंभिवलीलाच जात होते. "येसाजीकाका तुमचं विचारत असतात, म्हणे," ती म्हणाली. मग जरा जवळ सरकून, कौतुक करून घ्यावं तशा सुरात म्हणाली, "मी आता सुधारले, ताई. परवा आमच्याकडे वजनकाटा चुकीचा आकडा टाकत होता. मला सकाळीच दिसलं. पण काटा माझ्याकडे नाय. मी बोललेच नाय. दुपारी साहेबाला कळलं, तेव्हा ज्याची पाळी होती त्याला झापलं. माझं नाव कुठंच नाय आलं."

"सकाळी सांगितलं असतंस तर माल तरी नीट गेला असता," हर्षलाच्या तोंडून निघून गेलं.

ललिताने तिच्याकडे बघितलं. ती हसली, आणि तीन वर्षांत हर्षलाने पाहिलेलं ते तिचं सगळ्यात मोकळं हसू होतं. "तुमी नाय बदलणार," ती म्हणाली.

गाडी वळणावर दिसली. बायका पुढे सरकल्या.

"पण तुमी इथं कुठं?" ललिताने पिशवी खांद्यावर घेत विचारलं.

"माझं घर इथेच आहे. त्या पिंपळामागच्या गल्लीत."

"होय?" ललिताला खरंच नवल वाटलं. "मला वाटायचं तुमी खोपोलीत राहता, बिल्डिंगमध्ये."

तीन वर्षं शेजारी बसून तिला ते माहीत नव्हतं, कारण तीन वर्षांत हर्षलाने तिला एकदाही घरी बोलावलं नव्हतं. ऑफिसात आपण सगळे घरच्यासारखे आहोत, असं ती दर दिवाळीला भाषणात म्हणायची.

"चल ना आता," ती घाईघाईने म्हणाली. "चहा घे. आई आहे घरी. नंतर मी सोडते तुला स्कूटरवर, वाडीपर्यंत सोडते."

"नको, ताई. उशीर होईल," ललिता म्हणाली. तिने एक पाय गाडीत ठेवला, आतल्या बाईने तिची पिशवी ओढून घेतली आणि गाडी कर्जतच्या रस्त्याला लागली. हर्षला भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत, गाडी फाटकापलीकडे जाईपर्यंत उभी राहिली. मग आई वाट बघत असेल म्हणून गल्लीकडे वळली.